पत्ता, पात्र आणि नियती : मालिकांतील व्यक्तिरेखांच्या टॅरो-वाचनाविषयी

१

दूरचित्रवाणी-मालिकेतील प्रत्येक पात्राला टॅरोचा एकेक पत्ता बहाल करायचा आणि त्या पत्त्याच्या रूढ अर्थातून पात्राचा स्वभाव उलगडून दाखवायचा, ही रीत वरकरणी करमणुकीची वाटते. मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत राशिभविष्याच्या शेजारी टॅरोचे भविष्य येऊन बसले त्यालाही आता बराच काळ लोटला. समीक्षेने या रीतीकडे फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि या खेळाच्या मुळाशी असलेले गृहीतक क्षुल्लक नाही. मानवी स्वभावांची संख्या मर्यादित आहे, ते आधीच कोठेतरी चित्रित होऊन राहिलेले आहेत आणि नवे पात्र म्हणजे त्यांपैकी एखाद्याची पुनरावृत्ती होय, असे हे गृहीतक आहे. आदिबंधात्मक समीक्षेपासून नायक-नायिकांच्या शास्त्रीय भेदांपर्यंत अनेक प्रतिष्ठित सिद्धान्तांत ते कमीअधिक प्रमाणात वावरत असते. म्हणून टॅरो-वाचनाची चिकित्सा ही अंतिमतः प्ररूपवादी समीक्षेचीच चिकित्सा ठरते.

ही चिकित्सा कोठून करावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. टॅरो महानगरातून आला असला तरी चित्रपत्त्यावरून माणसाचे प्राक्तन वाचण्याची कल्पना महानगराची मिरास नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे धर्माबाद घेतले, तर हे चटकन ध्यानात येते. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होते. १९५६ च्या भाषिक पुनर्रचनेत ते हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येथे दैनंदिन व्यवहाराच्या आहेत. पलीकडे थोड्याच अंतरावर तेलंगणातील बासरचे सरस्वती-मंदिर आहे. तेलुगू मुलखात ज्याला ‘चिलक जोस्यम्’ म्हणतात आणि मराठीत पोपटवाला ज्योतिषी म्हणून जो परिचित आहे, त्याची परंपरा या सीमेच्या दोन्ही अंगांना नांदली. पिंजऱ्याचे दार उघडते, पोपट बाहेर येतो, देवादिकांची चित्रे असलेल्या पत्त्यांच्या ओळीतून एक पत्ता चोचीने ओढतो आणि ज्योतिषी तो उघडून समोरच्या माणसाला त्याची गोष्ट सांगतो. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यानंतरचे निर्बंध यांमुळे पोपट बाळगणे बेकायदा ठरले. परंतु पत्ता, चित्र आणि सांगितलेली गोष्ट या त्रिकुटाची घडण लोकांच्या परिचयाची राहिली. टॅरो या परिचित घडणीत येऊन बसला.

२

टॅरोविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या प्राचीनतेविषयीचा आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारांच्या परिसरात, हे पत्ते जन्माला आले ते खेळण्यासाठी. नेहमीच्या चार रंगांचे ५६ पत्ते आणि त्यांना मारणारे २२ चित्रपत्ते असा हा ७८ पत्त्यांचा संच होता. चित्रपत्ते म्हणजे आजच्या भाषेत कायमचे हुकूम. त्यांत गूढ विद्या साठवली आहे, ही कल्पना बरीच उत्तरकालीन आहे. १७८१ मध्ये कूर द झेबलँ या फ्रेंच लेखकाने या पत्त्यांचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचे, कोणताही पुरावा न देता, प्रतिपादन केले आणि तेथून भविष्यकथनाची परंपरा वाढीस लागली. आज जगभर प्रचलित असलेला संच १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला. त्याची योजना ए. ई. वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. या संचात आकड्यांच्या साध्या पत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग रेखाटले गेले. त्यामुळे प्रत्येक पत्त्यातून एक छोटीशी कथा सूचित होऊ लागली. मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० च्या आपल्या ग्रंथात या साऱ्या इतिहासाची छाननी करून टॅरोला पुन्हा खेळाच्या इतिहासात नेऊन बसविले.

या इतिहासाचा येथे एक विशिष्ट उपयोग आहे. खेळात पत्त्याला ‘स्वभाव’ नसतो, स्थान असते. पहिल्या क्रमांकाचा ‘जादूगार’ मुळात रस्त्यावर मेज मांडून हातचलाखी करणारा गारुडी होता. खेळात तो हुकमांतला सर्वांत दुबळा. मात्र जो तो सांभाळून नेतो त्याच्या गुणसंख्येत तो सर्वोच्च मोलाच्या पत्त्यांत गणला जातो. ‘मूर्ख’ या पत्त्याला क्रमांक नसतो. तो सामान्यतः हात जिंकत नाही आणि पकडलाही जात नाही. खेळणाऱ्याला एका अडचणीतून निसटू देणे एवढेच त्याचे कार्य. भविष्यवादी वाचनाने या स्थानवाचक मूल्यांचे रूपांतर स्वभाववाचक अर्थांत केले. जे दुसऱ्या पत्त्यांशी असलेल्या संबंधातून सिद्ध होत होते, ते पत्त्याच्या पोटात दडलेले सत्त्व म्हणून मांडले गेले. संरचनावादाने भाषेविषयी जो इशारा दिला होता, त्याचेच हे उल्लंघन म्हणावे लागेल.

भारतीय गंजिफा या संदर्भात अधिक उद्बोधक आहे. इराणातून आलेल्या या खेळाचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या नोंदीत सापडतो. पुढे अकबराच्या दरबारातील गंजिफाचे वर्णन अबुल फजलने केले. धर्माबादहून फार दूर नसलेल्या निर्मल येथील नकाशकामाच्या परंपरेत गंजिफाचे पत्ते होत असत, आणि महाराष्ट्रात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. अस्तास चाललेली ही कला सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात नव्याने उभी केली. या गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण १२० वर्तुळाकार पत्ते असतात. अवतारासारखी परमपवित्र व्यक्तिरेखाही येथे खेळाच्या नियमांना बांधलेली आहे. दिवसा डाव मांडला तर रामाचा आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा आधी उतरतो. अर्ध्या रंगांत दश्शी एक्क्याहून मोठी, तर उरलेल्या अर्ध्या रंगांत एक्का दश्शीहून मोठा. म्हणजे पत्त्याची थोरवी काळावर, रंगावर आणि समोर पडलेल्या पानावर ठरते. राम श्रेष्ठ की कृष्ण, हा प्रश्न गंजिफा विचारतच नाही. डाव कोणत्या वेळी मांडला आहे, एवढेच तिला पाहायचे असते. त्याच सावंतवाडीच्या परिसरात दशावतारी नाटकात हेच अवतार रंगमंचावर येतात, आणि तेथे पात्राचे सोंग ठरलेले असले तरी संवाद लिहिलेला नसतो. तो नट त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर घडवीत जातो. प्ररूप स्थिर आणि वाणी मुक्त, अशी ही विभागणी आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मालिकांतील पात्रेच या वाचनाला इतकी सहज वश का होतात? कादंबरीतील पात्रांच्या बाबतीत हा खेळ लवकर कंटाळवाणा होतो. मालिकेच्या बाबतीत तो रंगतो. याचे कारण मालिकेच्या रूपबंधातच आहे. मालिकेला पात्रांचा एक मर्यादित संच लागतो. तो रोज अथवा दर आठवड्याला नव्याने पिसला जातो, नव्या जोड्या लागतात, नवे डाव पडतात. मात्र एखादा भाग चुकलेल्या प्रेक्षकालाही पात्र तत्काळ ओळखू यावे लागते. ओळख ही येथे कलात्मक उणीव नसून रूपबंधाची गरज असते.

‘हम लोग’ ही मालिका या दृष्टीने मूलभूत आहे. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात दूरदर्शनवरून तिचे १५६ भाग प्रक्षेपित झाले. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेतील भावंडांची घरगुती नावे पाहावीत : बडकी, मझली, छुटकी, नन्हे. ही नावे नव्हेत, क्रम आहेत. कुटुंब नावाच्या संचातील प्रत्येकाचे स्थान त्यांतून सांगितले जाते. मालिकेमागची योजनाही तशीच रेखीव होती. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांनी प्रबोधनपर मालिकांसाठी घडविलेल्या पद्धतीचा आधार तिला होता. या पद्धतीत पात्रांचे तीन वर्ग केले जातात : अनुकरणीय, त्याज्य आणि या दोहोंमध्ये हेलकावणारे. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन घडलेल्या प्रसंगाचा अर्थ समजावून देत. पिंजऱ्याशेजारी बसून पत्ता उघडणाऱ्या ज्योतिष्याचे आणि या भाष्यकाराचे कार्य एकच आहे. दोघेही चित्राला एक निश्चित अर्थ लावून देतात.

परंतु प्रेक्षक तो अर्थ स्वीकारतोच असे नाही. भागवंती ही सोशिक, नवऱ्याचा आणि सासूचा जाच निमूट सहन करणारी आई योजकांनी त्याज्य वर्गात ठेवली होती. स्त्रीने असे राहू नये, हे तिच्या उदाहरणातून दाखवायचे होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासातून पुढे आलेली वस्तुस्थिती निराळी होती : अनेक प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटली. टॅरोच्या परिभाषेत म्हणायचे तर, योजकाने उलटा ठेवलेला पत्ता प्रेक्षकाने सुलटा वाचला. हा केवळ संदेशवहनातील दोष नव्हे. सोशिकपणाला पुण्य मानणारी एक दीर्घ परंपरा प्रेक्षकाच्या मनात आधीच होती. पत्त्याचा अर्थ तिने ठरविला, भाष्यकाराने नव्हे. पुढच्या काळातील कौटुंबिक मालिकांनी हा धडा फार चटकन आत्मसात केला. सोशिक सून आणि कारस्थानी खलनायिका या दोन पत्त्यांवर वर्षानुवर्षे डाव चालविण्याचे व्यापारी शहाणपण त्यांना येथेच गवसले असावे.

४

टॅरो-वाचनाला न्याय द्यायचा, तर ते त्याच्या उत्तम रूपात करून पाहिले पाहिजे. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांतून दाखविली गेली. राही मासूम रझा यांचे लेखन आणि द्यूत हा कथेचा कणा, यांमुळे पत्त्यांच्या वाचनाला तिच्याइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही.

गुफी पेंटल यांनी उभा केलेला शकुनी ‘जादूगार’ या पत्त्याशी जुळतो, हे सहज लक्षात येते. समोर पट, हातात फासे, बोटांत चलाखी आणि ओठांवर वाणीची माया, हे सारे १९०९ च्या गूढ आकृतीपेक्षा इटलीतील मूळ गारुड्याशी अधिक जवळचे आहे. सत्तेच्या उतरंडीत शकुनी दुबळा. पाहुणा म्हणून राहिलेला मामा. परंतु ज्याच्या बाजूला तो असतो त्याच्या डावाचे मोल तो वाढवितो. येथे पत्त्याचा स्वभावार्थ नव्हे, तर खेळातील त्याचे स्थान अर्थपूर्ण ठरते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भीष्माचे उदाहरण त्याहून बोलके आहे. मुकेश खन्ना यांनी साकारलेला भीष्म म्हणजे ‘टांगलेला मनुष्य’, असे कोणीही म्हणेल : पृथ्वी आणि आकाश यांच्यामध्ये शरांवर पडून उत्तरायणाची वाट पाहणारा. आधुनिक वाचनात हा पत्ता स्वेच्छेने केलेल्या त्यागाचा मानला जातो. तथापि जुन्या इटालियन परंपरेत त्याचे नाव ‘देशद्रोही’ असे होते. विश्वासघातक्याचे एका पायावर उलटे टांगलेले चित्र काढून त्याची जाहीर नाचक्की करण्याची तेथे प्रथा होती. पत्त्याचे हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवले की भीष्माच्या व्यक्तिरेखेतील खरी व्यामिश्रता समोर येते. त्याग आणि द्रोह हे त्याच्या ठायी एकाच कृतीचे दोन चेहरे आहेत. सिंहासनाशी असलेली निष्ठा हाच न्यायाशी केलेला द्रोह ठरतो. मग त्याचे टांगलेपण शरपंजरी सुरू होत नाही. ते द्यूतसभेतच सुरू झालेले असते. पत्त्याच्या इतिहासाची जाण ठेवून केलेले वाचन पात्रावर प्रकाश टाकू शकते, याचा हा पुरावा मानता येईल.

मात्र याच सभेत या पद्धतीची मर्यादाही उघड होते. द्रौपदीला कोणता पत्ता द्यावा? ‘न्याय’ म्हणावे तर न्याय तिला मिळालेला नाही. ‘सामर्थ्य’ म्हणावे तर तो तिच्या अवमानाचा गौरव ठरेल. खरी अडचण पत्ते अपुरे पडण्याची नाही. द्रौपदी या सभेत पणाला लावली गेली आहे. म्हणजे तिला आधीच पटावरची सोंगटी करण्यात आले आहे. आणि ती विचारते तो प्रश्न नेमका या व्यवहाराच्या वैधतेचा आहे : जो स्वतःला आधी हरला, त्याला दुसऱ्या माणसाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? हा प्रश्न खेळातील चालीविषयीचा नसून माणसाला पत्ता करण्याच्या हक्काविषयीचा आहे. धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगणाऱ्या भीष्माकडे त्याचे उत्तर नाही. तिला एखादा पत्ता बहाल करणारा समीक्षक, नकळत का होईना, सभेच्या बाजूने उभा राहतो.

५

चिमणरावांचे उदाहरण वेगळ्या प्रकारे उद्बोधक आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ ही जोडी महाराष्ट्राच्या स्मरणात कायमची राहिली. बुजरे, धांदरट, प्रत्येक प्रसंगातून कसेबसे निसटणारे चिमणराव म्हणजे टॅरोमधील ‘मूर्ख’. आणि दांडगे, रोखठोक गुंड्याभाऊ म्हणजे ‘सामर्थ्य’. हे साम्य पडद्यावर निर्दोष दिसते. परंतु पुस्तकातील चिमणराव आपली फजिती स्वतः सांगतात. तेथे विनोद फजितीत जितका आहे, तितकाच तो ती सांगणाऱ्याच्या साळसूद, आत्मसमर्थनपर निवेदनात आहे. स्वतःचा बावळटपणा इतक्या नेमकेपणाने शब्दांत पकडणारा माणूस केवळ बावळट कसा असेल? पात्र आणि निवेदक यांतील हे अंतर हाच जोशींच्या विनोदाचा प्राण आहे. दूरचित्रवाणी चिमणरावांना बाहेरून दाखविते; निवेदक मागे सरतो आणि प्ररूप उरते. प्रभावळकरांनी डोळ्यांच्या आणि आवाजाच्या सूक्ष्म हालचालींतून या गमावलेल्या निवेदनाचा काही अंश परत मिळविला, हे त्यांच्या अभिनयाचे श्रेय. टॅरो-वाचनाला मात्र तो अंश दिसणार नाही. पत्ता प्रथमपुरुषी बोलू शकत नाही.

येथे पोपटवाला ज्योतिषी आणि टॅरो-वाचक समीक्षक यांच्यातील निर्णायक फरक नोंदविणे आवश्यक आहे. ज्योतिष्याकडे पत्ता निघतो. समीक्षकाकडे तो निवडला जातो. पोपटाची चोच कोणत्या पत्त्यावर पडेल, हे कोणालाही ठाऊक नसते, आणि ज्योतिष्याला आलेल्या पत्त्याशी समोरच्या माणसाचे आयुष्य झगडून जुळवावे लागते. या झगड्यात कधी कधी अनपेक्षित असे काही गवसते. इतालो काल्विनोने आपल्या १९७३ च्या पुस्तकात याच यदृच्छेचा सर्जनशील उपयोग केला. वाचा गेलेले प्रवासी टॅरोचे पत्ते मांडून आपापल्या कथा सांगतात, आणि एकाच पत्त्याला शेजार बदलताच वेगळा अर्थ येतो. पात्रांना पत्ते जुळविणाऱ्या समीक्षकाकडे ही यदृच्छा नसते. तो पात्राविषयी आधी निष्कर्ष काढतो, त्याला साजेसा पत्ता शोधतो आणि मग पत्त्याच्या आधारे तोच निष्कर्ष सिद्ध झाल्याचे दाखवितो. हे चक्राकार तर्काचे उदाहरण आहे. सादृश्याची भूक एकदा जागी झाली की तिला काहीही पुरते. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका मुळात ५२ भागांची योजलेली होती आणि ती ७८ भागांपर्यंत वाढली. साध्या पत्त्यांच्या कॅटात ५२ पत्ते असतात आणि टॅरोच्या संचात ७८. यात कोणताही संकेत नाही. परंतु संकेत शोधायचाच असे ठरविलेल्या वाचकाला तो येथेही दिसल्यावाचून राहणार नाही.

६

पत्ता पात्राला चिकटविण्याचे परिणाम समीक्षेपुरते राहिले असते, तर त्यांची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. वस्तुतः ते सार्वजनिक जीवनात उतरले. धर्माबादसारख्या सीमेवरील गावात कृष्णाची प्रतिमा दोन बाजूंनी येते. तेलुगू चित्रपटाशी परिचय असलेल्या प्रेक्षकासाठी १९५७ च्या ‘मायाबाजार’पासून कृष्ण म्हणजे एन. टी. रामाराव; दूरदर्शनच्या प्रेक्षकासाठी कृष्ण म्हणजे नितीश भारद्वाज. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष स्थापन केला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत ‘रामायण’मधील सीता दीपिका चिखलिया आणि रावण अरविंद त्रिवेदी हे दोघेही गुजरातमधून एकाच पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आले, १९९६ मध्ये भारद्वाज जमशेदपूरहून लोकसभेत गेले. सीता आणि रावण एकाच बाकावर बसले, यातील उपरोधावर हसून हा विषय संपत नाही. नाममुद्रा एवढी प्रभावी ठरली की पत्ता सत्प्रवृत्तीचा आहे की दुष्प्रवृत्तीचा, हा भेदही मतदाराच्या दृष्टीने गौण झाला. महत्त्वाचे ठरले ते पत्ता ओळखीचा असणे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले तेव्हा नवी पिढी त्याच चेहऱ्यांना त्याच नावांनी ओळखू लागली. दरम्यानची तीस वर्षे जणू वजा झाली.

याहून गंभीर प्रश्न ज्यांना पत्ता जन्मतःच वाटला जातो त्यांचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना एक स्वभाव बहाल केला. माणूस कोण आहे, हे तो काय करतो यावरून न ठरता कोणत्या संचातला आहे यावरून ठरू लागले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही. लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. या पुस्तकाचे शीर्षक म्हणजे समाजाने हातात दिलेला पत्ताच होय. लेखकाने तो नाकारला नाही, लपविलाही नाही. तो उलथून मांडला आणि त्याच्या मागच्या बाजूवर आपले जगणे लिहिले. ‘उचल्या’ या शब्दामागे भूक आहे, पोलिसांची मारहाण आहे, गिरणीतील मजुरी आहे, संघटना आहे आणि शिकण्याची धडपड आहे, हे कोणत्याही प्ररूपात न मावणारे वास्तव प्रथमपुरुषी निवेदनामुळेच वाचकापर्यंत पोहोचते. सभेत द्रौपदीने प्रश्न म्हणून जे मांडले, ते मराठवाड्यातील या लेखनाने कृती म्हणून सिद्ध केले, असे म्हणता येईल. मराठी दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याने कर्मविपाकाच्या कल्पनेला दिलेला नकार हा याच अर्थाने वाङ्मयीन सिद्धान्तही आहे : व्यक्तिरेखा ही वाटून आलेली वस्तू नसून मिळवलेली वाणी आहे.

७

मग प्ररूपांचा विचार समीक्षेने टाकून द्यावा काय? तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. भरताने नाट्यशास्त्रात नायकांचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे भेद केले ते नाट्यप्रयोगाच्या सोयीसाठी. एखादा माणूस धीरोदात्त ‘असतोच’ असा दावा त्यामागे नव्हता. एकनाथांची भारुडे याहून पुढे जातात. जोशी, वासुदेव, गोंधळी अशा गावोगाव परिचित असलेल्या सोंगांना पैठणच्या या संतकवीने बोलते केले. त्यांच्या जोशाच्या भारुडात भविष्य सांगण्याचा केवळ बहाणा आहे. सांगितले जाते ते वर्तनाविषयी. पुढे काय होणार याऐवजी आता कसे वागावे, याकडे ऐकणाऱ्याचे लक्ष वळविले जाते. भविष्यकथनाचा साचा वापरून त्यातील नियतिवाद काढून टाकण्याची ही किमया सोळाव्या शतकात मराठवाड्याच्या मातीत घडली. टॅरोच्या आधुनिक वाचकांनी ती अभ्यासावी अशी आहे.

याच दिशेने टॅरो-वाचनाच्या वैधतेचे निकष सुचविता येतात. पहिला निकष असा की पत्त्याचा अर्थ संचातील इतर पत्त्यांशी असलेल्या संबंधातून लावला जावा. एकट्या पात्राला दिलेला एकटा पत्ता म्हणजे विशेषणाचे सचित्र रूप होय, त्याने ज्ञान वाढत नाही. दुसरा निकष इतिहासाचा. ‘टांगलेला मनुष्य’ हुतात्मा होण्यापूर्वी द्रोही होता, हे ठाऊक असेल तरच भीष्माचे वाचन समृद्ध होते; १९०९ नंतरच्या रूढ अर्थावर भिस्त ठेवली तर ते भाबडे राहते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष असा की वाचनाचे लक्ष साम्यावर नव्हे, तर साम्य जेथे तुटते त्या जागेवर असावे. चिमणराव ‘मूर्ख’ आहेत येथे समीक्षा संपत नाही. ते स्वतःची गोष्ट सांगतात म्हणून ‘मूर्ख’ उरत नाहीत, येथे ती सुरू होते. भागवंतीचा पत्ता प्रेक्षकांनी उलटला, तेथे समाजाच्या मनाचा अभ्यास सुरू होतो.

ओळखण्याचा आनंद आणि समजून घेण्याचा आनंद यांत फरक आहे. मालिका पहिल्यावर जगते. टॅरो त्या आनंदाला चित्ररूप देतो, आणि त्यात गैर काही नाही. समीक्षेचे काम मात्र दुसऱ्या आनंदाशी निगडित आहे. पत्ता उघडला गेला म्हणजे पात्र उलगडले, या समजुतीत सीमेवरच्या बाजारातील ज्योतिषीही कधी राहिलेला नाही. पत्ता हातात घेतल्यावर तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मगच बोलू लागतो.